१९६२ : निर्णय नेमका कुणाचा होता?

२२ सप्टेंबर १९६२. दिल्लीत संरक्षण मंत्रालयात एक बैठक सुरू होती. पंतप्रधान नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी लंडनला गेले होते. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला होते, अर्थमंत्री मोरारजी देसाईही परदेशात होते. बैठक घेत होते मंत्रालयातले दुसरे मंत्री के. रघुरामय्या. विषय एकच. ईशान्य सीमेवर, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, थागला नावाच्या डोंगररांगेखाली चिनी सैनिक येऊन बसले होते आणि त्यांना तिथून हुसकवायचं होतं.

लष्करप्रमुख जनरल थापर यांनी शंका काढली. आपण इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उलट मारा करेल, तिथे आपलं बळ तुटपुंजं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. परराष्ट्र खात्याचं मत वेगळं पडलं : चीन फार तर लडाखमधल्या एखाद-दुसऱ्या चौकीवर हात टाकेल, त्यापलीकडे जाणार नाही. तेव्हा थापर यांनी आदेश लेखी मागितला. तो त्यांना मिळाला. लष्करानं तयारी होताच कामेंग भागातून, म्हणजे थागला जिथे येतो त्या भागातून, चिन्यांना हटवावं, अशा आशयाच्या त्या कागदावर सही होती संरक्षण मंत्रालयातले सहसचिव एच. सी. सरीन यांची.

सहसचिव हा सचिवाच्याही खालचा अधिकारी. चीनशी लढाई ओढवू शकेल असा आदेश निघाला आणि त्यावर एकाही मंत्र्याची सही नव्हती. सरीन यांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांनी बैठकीत ठरलेलं कागदावर उतरवलं. पण या एका कागदात १९६२ चं सगळं दुखणं दिसतं. त्या युद्धाविषयी बोलताना आपण बहुधा ‘चीननं विश्वासघात केला’ इथे थांबतो, नाहीतर ‘नेहरू-मेनन यांनी देशाला खड्ड्यात घातलं’ इथे. दोन्हींत तथ्य आहे. मात्र निर्णय घेणारी यंत्रणा कुठे आणि कशी मोडली होती, हे त्यातून कळत नाही. ते कळायला हवं असं मला कळकळीनं वाटतं, कारण त्या मोडक्या यंत्रणेची किंमत ज्यांनी मोजली ती माणसं तिच्या आसपासही नव्हती.

तर आधी यंत्रणा पाहू. स्वातंत्र्याच्या वेळी संरक्षणाबाबत तीन पायऱ्यांची रचना ठरली होती. सर्वांत वर मंत्रिमंडळाची संरक्षण समिती, तिच्या अध्यक्षस्थानी पंतप्रधान. मधे संरक्षणमंत्र्यांची समिती. खाली तिन्ही सेनाप्रमुखांची समिती. सेनाप्रमुखांनी लष्करी बाजू मांडायची, मंत्र्यांनी पैसा, परराष्ट्र धोरण आणि लष्करी ताकद यांचा मेळ घालायचा, शेवटचा शब्द मंत्रिमंडळाचा. लोकशाहीत लष्कर नागरी सत्तेच्या हाताखाली राहावं हे योग्यच होतं, आणि त्यात आपल्याला यशही आलं. शेजारी पाकिस्तानात १९५८ मध्ये लष्करानं सत्ता बळकावली, आपल्याकडे तसं काही झालं नाही.

अडचण दुसरीकडे होती. लष्कराचं मुख्यालय मंत्रालयाचा भाग नव्हतं, ते मंत्रालयाला जोडलेलं वेगळं कार्यालय होतं. म्हणजे सेनापतींनी एखादा प्रस्ताव पाठवला की तो मंत्रालयात नव्यानं तपासायला घेतला जाई. खालच्या अधिकाऱ्याचा शेरा, मग वरच्याचा, मग अर्थ विभागाच्या हरकती, मग खुलाशासाठी फाईल परत मुख्यालयात. परकीय चलनाची टंचाई होतीच. नव्या रायफली, वायरलेस संच, डोंगरी तोफा, गरम कपडे या सगळ्यांच्या फायली याच वाटेनं फिरत. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या नियमानं बरोबरच वागत होता. एकूण फायलीला किती वेळ लागतोय आणि सीमेवर तेवढा वेळ आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती.

त्यात मेनन यांच्या काळात समित्यांची सवय सुटत गेली. १९५७ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. निर्णय त्यांच्या दालनातल्या बैठकांत होऊ लागले. कोण हजर राहील ते ठरलेलं नसे. या बैठका अतिगोपनीय असल्यानं त्यांचं इतिवृत्त ठेवायचं नाही, असं मेनन यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीच्या सभेचंसुद्धा इतिवृत्त लिहितात, कारण उद्या पाण्याच्या टाकीचा खर्च कुणी मंजूर केला असा वाद निघाला तर वही उघडता येते. इथे युद्धाच्या उंबरठ्यावरच्या बैठका होत्या आणि वहीच नव्हती. गुप्तता राखायची म्हणून नोंद ठेवली नाही, हे कारण मला पटत नाही. गुप्त नोंद तिजोरीत ठेवता येते. नोंदच नसली की नंतर कुणीही म्हणू शकतो, ‘मी असं म्हटलंच नव्हतं.’

मग संकट अचानक कोसळलं का? तसं मुळीच नाही. सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९५० मध्येच नेहरूंना पत्र लिहून तिबेटमध्ये चीन आल्यामुळे उत्तर सीमेचं काय होणार, याचा इशारा दिला होता. १९५७ मध्ये चीननं लडाखच्या पूर्वेकडच्या अक्साई चीनमधून जाणारा शिनजियांग-तिबेट रस्ता पुरा झाल्याचं जाहीर केलं. आपण पाहणीसाठी गस्ती पाठवल्या त्या १९५८ च्या उन्हाळ्यात, आणि संसदेला ही गोष्ट सांगितली ऑगस्ट १९५९ मध्ये. तोवर ईशान्य सीमेवरच्या लाँगजूला गोळीबार होऊन गेला होता. २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपल्या पोलिसांवर हल्ला झाला, दहा जण मारले गेले. दरवर्षी याच तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात.

याच सुमाराला एका मराठी सेनापतीनं आपलं काम चोख केलं होतं. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे, तेव्हा पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा लेखी आराखडा सादर केला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तो पडताळूनही पाहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सीमेच्या रेषेवर छोट्या चौक्या असाव्यात, पण त्यांचं काम फक्त शत्रू आल्याची वर्दी देण्याचं. खरी लढाई मागे, बोमडिलाच्या बाजूला द्यावी. तिथवर आपले ट्रक पोहोचतात, आणि तिथे येईपर्यंत चिन्यांची रसद लांबून ताणलेली असेल. हाताशी असलेल्या सैन्यात एवढंही जमणार नाही, कुमक लागेल, हेही त्यांनी नोंदवलं होतं.

लष्करप्रमुख थिमय्या यांनी तो कागद मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांना तो उगाच घबराट पसरवणारा वाटला आणि प्रकरण तिथेच अडलं. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये, लढाई पेटल्यावर, नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. थोरातांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की तो आराखडा पाहून, हा मला आधी का दाखवला नाही, असं नेहरूंनी विचारलं. तीन वर्षं जुना कागद होता तो. पंतप्रधान, जे परराष्ट्र खातंही सांभाळत होते, त्यांच्या टेबलापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. तीन पायऱ्यांची रचना चालू असती तर मंत्र्याला न पटलेला आराखडाही निदान मतभेद म्हणून वर गेला असता.

आता ‘फॉरवर्ड पॉलिसी’कडे येऊ, कारण धोरण अर्धवट अमलात आणलं की काय होतं हे तिथे लख्ख दिसतं. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत ठरलं की चीन ज्या भागावर हक्क सांगतो त्या भागात आपण पुढे जाऊन चौक्या उभारायच्या. यामागे गुप्तचर विभागाचा अंदाज होता : जिथे आपले डझनभर जवान असतात तिथे चिनी येत नाहीत. लष्कराच्या स्वतःच्या गुप्तवार्ता शाखेनं मात्र चीन बळाचा वापर करेल असं आधी नोंदवलेलं होतं. दोन सरकारी अंदाज एकमेकांच्या विरुद्ध होते. त्यांतला खरा कोणता याचा निवाडा व्हायला हवा होता, तो झाला नाही. जो सोयीचा होता तो उचलला गेला.

सरकारी निर्देशाचा तिसरा परिच्छेद महत्त्वाचा होता. या चौक्यांच्या पाठीमागे, रसद पुरवता येईल अशा जागी, मोठं सैन्य जमवून ठेवावं, म्हणजे काही बिनसलं तर ते लगेच धावून जाऊ शकेल, असं त्यात म्हटलं होतं. लष्करी मुख्यालयातून डिसेंबरमध्ये विभागांना जो आदेश गेला त्यातून नेमका हाच परिच्छेद गळला. पुढे जा, हे खाली पोहोचलं. पाठीशी बळ उभं करा, हे पोहोचलं नाही. ही चूक मंत्रालयाची नव्हे, लष्करी मुख्यालयाची. सैनिकांना केवळ बाबूंनी बुडवलं असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

खालून आवाज उठत नव्हता असंही नाही. पश्चिम विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये मुख्यालयाला लिहिलं की राजकीय दिशा लष्करी साधनांच्या आधारावर ठरली पाहिजे. याहून स्पष्ट कुणी काय लिहायचं? धोरण तसंच पुढे चालू राहिलं.

जूनमध्ये ईशान्येला धोला नावाची चौकी उभी राहिली. नामका चू या नदीच्या खोऱ्यात, आणि समोर उंचावर थागलाची रांग. मॅकमहोन रेषा, म्हणजे ईशान्येतली भारत-तिबेट सीमारेषा, नकाशावर जशी काढली होती तशी मानली तर थागला तिच्या उत्तरेला जात होता. पाणलोटाचा नियम लावला, म्हणजे पाणी जिथून दोन्हीकडे वाटलं जातं तो माथा सीमा धरला, तर सीमा थागलाच्या माथ्यावरून जायला हवी होती. चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांनी ऑगस्टमध्ये वर विचारणा केली की नेमकी सीमा कोणती धरायची, आणि आपली असेल तर थागला आधीच ताब्यात घेऊ का? सवाल कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारी फौज), तिच्यावरचा विभाग, मुख्यालय, परराष्ट्र खातं असा फिरत राहिला. खाली उत्तर यायच्या आत, ८ सप्टेंबरला, चिनी सैनिक थागलावरून उतरून चौकीपाशी आले होते.

इथून पुढचे सहा आठवडे वाचताना जीव तुटतो. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला (ब्रिगेड म्हणजे डिव्हिजनखालची, काही पलटणींची फौज) नामका चूवर नेलं गेलं. तवांगच्या पुढे सारी पायपीट. रसद विमानानं त्सांगधर नावाच्या उतारावर टाकायची, आणि त्यातली कितीतरी पोती-पेट्या घरंगळून दरीत जायच्या. जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश, अंथरायला-पांघरायला एखादी कांबळ, प्रत्येकाजवळ पन्नास गोळ्या. या अवस्थेत, खालच्या बाजूनं, उंचावर बसलेल्या शत्रूवर चढाई करायची होती. तेहतिसाव्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी सांगितलं की आधी दारूगोळा आणि शिधा जमवू द्या, नाहीतर हे होणार नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही जबाबदारीच त्यांच्याकडून काढून घेतली गेली. नवी चौथी कोअर उभी केली आणि तिच्यावर नेमलं लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना. कौल वजनदार होते, नेहरू-मेनन यांच्या विश्वासातले होते. लढाईत तुकडी हाताळल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता.

१० ऑक्टोबरला चकमक झाली आणि समोर किती ताकद आहे ते कौल यांनी डोळ्यांनी पाहिलं. ११ ला रात्री ते दिल्लीत पंतप्रधानांच्या घरी होते. चढाई आता शक्य नाही हे सगळ्यांना उमगलं होतं. मग ब्रिगेड मागे, रसद पोहोचेल अशा जागी आणायची की तिथेच ठेवायची? तिथेच ठेवायची, असं ठरलं. म्हणजे जिथे फक्त चढाईपूर्वी काही दिवस थांबायचं होतं, त्याच नदीकाठाचा आता बचाव करायचा. लष्करीदृष्ट्या ती जागा त्यासाठी अगदीच नालायक होती. दुसऱ्या दिवशी श्रीलंकेला निघताना नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करायला लष्कराला सांगितलं आहे, तारीख लष्करानं ठरवायची. आदल्या रात्री मनातून सोडून दिलेली चढाई सकाळी जाहीर झाली. राजकीय अनिर्णय याहून वेगळा काय असतो? चढाईचा निर्णय रद्द केला नाही, माघारीचा घेतला नाही, आणि मधल्या जागी एक अख्खी ब्रिगेड उभी करून ठेवली.

नंतर कौल आजारी पडले. त्यांना दिल्लीला हलवलं, आणि ते घरी अंथरुणावरून फोनवर कोअर चालवू लागले. दळवी पुन्हा पुन्हा मागे येण्याची परवानगी मागत होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत सातवी ब्रिगेड संपली. एकट्या दुसऱ्या राजपूत पलटणीच्या ५१३ जणांपैकी २८२ मारले गेले. दळवी दोन दिवसांनी चिन्यांच्या हाती सापडले.

यानंतर तरी यंत्रणा जागी झाली का? मेनन यांचं खातं आधी बदललं, मग ७ नोव्हेंबरला ते सरकारबाहेर पडले. लढाऊ विमानं वापरायची की नाही हा प्रश्न होता. चीन कोलकात्यासारख्या शहरांवर बाँब टाकेल या भीतीनं ती वापरली नाहीत. पण तिबेटच्या उंचीवरच्या धावपट्ट्यांवरून चिनी विमानं किती बाँब घेऊन उडू शकतात, याचा हिशेब हवाई दलाला समोर बसवून नीट केला गेला नाही.

१७ नोव्हेंबरची संध्याकाळ मात्र बारकाईनं पाहण्यासारखी आहे, कारण तिथे दिल्लीचा रोग रणांगणावर उतरलेला दिसतो. सुमारे १४ हजार फुटांवरची से ला खिंड. ब्रिगेडियर होशियार सिंग यांची ब्रिगेड तिथे मोर्चे बांधून होती. जागा लढण्याजोगी होती, शिधा-दारूगोळाही होता. पण चिन्यांनी मागे, दिरांग आणि बोमडिला यांच्यामधला रस्ता तोडला. दिरांगला असलेले डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल ए. एस. पठानिया तेजपूरच्या कोअर मुख्यालयाला फोन करत राहिले की से ला सोडू का? कौल तिथे नव्हते, ते ईशान्य सीमेच्या पूर्व टोकाला, वालाँगच्या बाजूला गेले होते. तेजपूरला त्या वेळी खुद्द लष्करप्रमुख थापर होते, पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सेन होते. हो म्हणायचा अधिकार दोघांनाही होता, नाही म्हणायचाही. कोअरचा प्रमुख आल्याशिवाय आम्ही ठरवणार नाही, असं दोघांनी घेतलं. मोलाचे तास गेले.

कौल संध्याकाळी परतले. आधी परवानगी दिली, मग मागे घेतली, आणि शेवटी जो संदेश गेला त्याचा आशय असा : आहात तिथे जमेल तितकं टिकून राहा, पण एखादी जागा टिकवणं अशक्य झालं तर दुसऱ्या जागी माघार घेण्याचा अधिकार तुम्हाला देत आहे. हा संदेश दोनदा वाचा. उद्या काहीही झालं तरी तो पाठवणारा अडकत नाही. टिकले तर मीच टिका म्हणालो होतो, हटले तर ठरवलं त्यांनी. रात्री पुढच्या तुकड्या हलायला लागल्या, चिनी त्यांच्या पाठोपाठ शिरले, आणि सकाळपर्यंत से ला गेली. पठानिया दिरांग सोडून मैदानाकडे निघाले. होशियार सिंग माघारीत मारले गेले. बोमडिलाही पडलं.

त्याच १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊं पलटणीची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. तिथे आपल्याला इथेच उभं राहायचंय याबद्दल कुणाच्या मनात संदेह नव्हता. १९६२ चा जवान लढला नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यासाठी.

तेजपूर रिकामं झालं. बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या. १९ तारखेला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांची मदत मागणारी पत्रं पाठवली. जे हवाई दल आपण आपल्या निर्णयानं वापरलं नव्हतं, त्याची उणीव दुसऱ्याकडून भरून मागायची वेळ आली. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारनं नंतर दिलेले आकडे असे : १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ युद्धकैदी.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण याच दिवसांत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण सह्याद्रीनं तिथे जाऊन केलं काय हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांचं एक काम साधं आणि मोलाचं होतं. तिन्ही सेनाप्रमुख आणि मंत्रालयाचे वरिष्ठ अधिकारी यांना ते रोज सकाळी एका टेबलाभोवती बसवू लागले. फाईल चार महिन्यांनी जिथे पोहोचली असती ते बोलणं समोरासमोर होऊ लागलं. संरक्षणाच्या तरतुदी दुपटीहून वाढल्या, डोंगरी युद्धासाठी खास डिव्हिजन उभ्या राहिल्या, पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. सेनापती कोण असावा यात राजकीय मर्जी आणायची नाही आणि लढाई कशी लढायची हे सेनापतींवर सोडायचं, ही शिस्त १९६५ च्या युद्धात उपयोगी पडली.

पराभवाची चौकशीही झाली. नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना ती सोपवली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत तिचे निष्कर्ष मोघम सांगितले. अहवाल सरकारनं आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्याचा काही भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर फुटला. तिसरा परिच्छेद गळल्याची गोष्ट त्यात नोंदवलेली आहे. आणि एवढं लिहिणाऱ्या त्या दोन अधिकाऱ्यांनाही पूर्ण मोकळीक नव्हती. त्यांनी फक्त लष्कराच्या हालचाली, प्रशिक्षण, शस्त्रं, हुकुमाची साखळी तपासायची होती. मंत्रालयात काय झालं, मंत्रिमंडळात काय झालं, २२ सप्टेंबरचा तो आदेश सहसचिवाच्या सहीनं का निघाला, हे विचारण्याचा अधिकार त्यांना दिलेला नव्हता. ते विचारण्यासाठी दुसरी चौकशी नेमली गेली नाही.